विश्लेषण : इंटरनेट बंद, तरी फोनमधला कोड सर्व्हरशी जुळतो कसा?

फोन ‘एअरप्लेन मोड’वर असला, तरी ऑथेंटिकेटर ॲप दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड दाखवते. सर्व्हरही तोच कोड काढतो. दोघांत निरोप जात नाही. मग आकडे जुळतात कसे?

नेमके काय घडते?

सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये येते. तीच सर्व्हरकडेही असते. १ जानेवारी १९७० पासून ३० सेकंदांचे किती टप्पे उलटले, ही संख्या आणि किल्ली दोघेही एकाच सूत्रात घालतात. ‘टीओटीपी’ हे यासाठीचे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. फोनचे घड्याळ फार चुकले, तर कोड नाकारला जातो.

यामागचा प्रश्न जुना आहे. परस्परसंबंध असलेले यादृच्छिक आकडे दोन ठिकाणी तयार करायला किमान किती सामाईक माहिती लागते, याचे गणित ॲरन वायनर यांनी १९७५ मध्ये मांडले.

काळजी काय घ्यावी?

कोड काही क्षणांत निरुपयोगी होतो, किल्ली होत नाही. त्यामुळे क्यूआरचा स्क्रीनशॉट कुणालाही पाठवू नका. पाठवला असेल, तर जुनी जोडणी काढून नव्याने नोंदणी करा.