ग्रामीण परिसरातील आंतरराष्ट्रीय परिषद : संयोजनाची पूर्वतयारी
(सोनाळा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

उच्च शिक्षणात 'आंतरराष्ट्रीय परिषद' हा शब्द आता प्रतिष्ठेइतकाच पदोन्नतीशीही जोडला गेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत परदेशातील परिषदेतील निबंधवाचनास ७, देशांतर्गत आंतरराष्ट्रीय परिषदेस ५, राष्ट्रीय परिषदेस ३ आणि राज्य वा विद्यापीठ स्तरावरील परिषदेस २ गुण ठेवण्यात आले. गुणांच्या या उतरंडीमुळे परिषदेच्या आशयापेक्षा तिच्या नावाला महत्त्व येण्याचा धोका असतो. अशा स्थितीत बुलडाणा जिल्ह्यातील सोनाळ्यासारख्या गावाच्या परिसरात अशी परिषद खऱ्या अर्थाने कशी घडू शकेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पुण्यातील दोन उदाहरणे

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ मध्ये झाली. मुंबई सरकारचा हस्तलिखित संग्रह १९१८ मध्ये संस्थेकडे आला आणि १९१९ च्या नोव्हेंबरात डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद पुण्यात भरली. ती राष्ट्रीय परिषद होती. परंतु अवघ्या दोन वर्षांच्या संस्थेपाशी अभ्यासकांनी यावे असे काही होते, हे येथे महत्त्वाचे आहे.

दुसरे उदाहरण आंतरराष्ट्रीय आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'आयुका' या संस्थेत १६ ते २१ डिसेंबर १९९७ या काळात सामान्य सापेक्षता व गुरुत्वाकर्षण या विषयावरील पंधरावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचा वृत्तांतग्रंथ नरेश दधीच आणि जयंत नारळीकर यांनी संपादित केला. अशा परिषदांमध्ये दोन समित्या असतात. वैज्ञानिक समिती व्याख्याते व निबंध ठरवते, तर स्थानिक समिती निवास, प्रवास आणि सभागृह पाहते. परिषदेची गुणवत्ता या कार्यविभागणीवर बरीच अवलंबून असते. निबंधनिवडीचा अधिकार स्थानिक समितीकडे गेला, की ओळखीपाळखीला नकार देणे कठीण होते.

सोनाळा परिसराचे विषयधन

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याचे गाव आहे. उत्तरेस मेळघाट व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट असलेले अंबाबरवा अभयारण्य आहे, तर दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे. अभयारण्यातील गावांचे पुनर्वसन, खाऱ्या भूजलाचा शेतीवर व आरोग्यावर होणारा परिणाम हे प्रश्न स्थानिक असले तरी त्यांचा अभ्यास जगभर चालतो. याच जिल्ह्यातील लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केसगळती सुरू झाली, तेव्हा तपासासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. बाहेरचे अभ्यासक येथे येतात, नमुने घेतात आणि निष्कर्ष अन्यत्र मांडले जातात. ते निष्कर्ष येथेच, येथील लोकांसमोर मांडले जावेत, हे परिषदेचे खरे प्रयोजन ठरू शकते.

संयोजनातील प्रमुख बाबी

विषय निश्चित झाल्यावर किमान वर्षभर आधी निबंधसारांश मागवून त्यांचे निनावी परीक्षण करावे. परदेशी प्रतिनिधींना पर्यटनाचा नव्हे, तर परिषदेचा व्हिसा लागतो. त्यासाठी निमंत्रणपत्र व केंद्र सरकारच्या आवश्यक परवानग्या वेळेत मिळवाव्या लागतात. जवळचे मोठे रेल्वेस्थानक शेगाव असल्याने वाहनांची व्यवस्था तेथूनच करावी. विदर्भातील उन्हाळा लक्षात घेता डिसेंबर-जानेवारी हा काळ सोयीचा असतो.

भाषेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. खारपाणपट्ट्यातील शेतकरी आपला अनुभव वऱ्हाडीत सांगणार आणि पाहुणे इंग्रजीत बोलणार. म्हणून विषय जाणणारे दुभाषी प्राध्यापक आधीच तयार करावेत. सारांशपुस्तिका मराठीतही असावी. शिवारफेरी ही सहल न राहता कार्यक्रमपत्रिकेतील एक सत्र व्हावी.

समारोप

दोन परदेशी पाहुण्यांच्या उपस्थितीने परिषद आंतरराष्ट्रीय होत नाही. परिसराचा प्रश्न जगाच्या अभ्यासाशी जोडला जाणे आणि निबंधांची निवड निःपक्षपाती असणे, या दोन कसोट्यांवर ती आंतरराष्ट्रीय ठरते. एवढी तयारी नसेल, तर तीच परिषद प्रामाणिकपणे विद्यापीठ स्तरावर घ्यावी. त्यात गुण कमी मिळतील. परंतु पुढील मोठ्या परिषदेचा पाया मात्र पक्का होईल.