विश्लेषण : पासवर्ड बरोबर, तरी ‘परवानगी नाही’! कार्यालयातला जुना डेटाबेस नव्या संगणकावर का अडतो?

बारामती आणि इंदापूर हा सहकाराचा पट्टा. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यांभोवती विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्थांचे जाळे आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सोसायटी असो वा खासगी कार्यालय, नव्या प्रणालीत जाताना जुना डेटा सोबत न्यावा लागतो. तो डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या जुन्या, सुरक्षा लावलेल्या फाइलमध्ये असेल, तर पहिल्याच पायरीवर अडचण येऊ शकते.

जुन्या फाइलला दोन कुलुपे कशी?

ॲक्सेस २००३ पर्यंतच्या ‘एमडीबी’ फाइलमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळे अधिकार देता येत. लिपिकाने नोंद करायची, कॅशिअरने फक्त पाहायची, रचना बदलण्याचा हक्क व्यवस्थापकाचा, अशी ही सोय होती. मात्र वापरकर्त्यांची नावे, गट आणि पासवर्ड ‘एमडीडब्ल्यू’ नावाच्या वेगळ्या वर्कग्रुप फाइलमध्ये राहत. कोणाला काय करता येईल, ही नोंद मुख्य फाइलमध्ये असे. एक फाइल म्हणजे कुलूप, दुसरी म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. संगणक बदलताना मुख्य फाइल पेनड्राइव्हवर येते आणि जुडगा जुन्या मशीनमध्येच राहतो.

नाव ‘ॲडमिन’ असूनही अधिकार का नाहीत?

वर्कग्रुप फाइल सापडली नाही, की ॲक्सेस स्वतःची मूळ फाइल वापरतो आणि प्रत्येकाला ‘ॲडमिन’ या नावाने आत घेतो. पण सुरक्षा नीट लावलेल्या डेटाबेसमध्ये या ‘ॲडमिन’चे अधिकार आधीच काढलेले असतात. ॲक्सेस माणूस ओळखतो तो नावावरून नाही. नाव आणि ‘पर्सनल आयडी’ यांपासून तयार झालेल्या गुप्त ओळखक्रमांकावरून. त्यामुळे नव्या फाइलमध्ये त्याच नावाचा, त्याच पासवर्डचा वापरकर्ता तयार केला तरी डेटाबेससाठी तो परकाच ठरतो.

नव्या आवृत्तीत काय बदलले?

ॲक्सेस २००७ सोबत ‘एसीसीडीबी’ हा नवा प्रकार आला आणि त्यातून व्यक्तिनिहाय सुरक्षा काढून टाकली गेली. जुनी एमडीबी फाइल नव्या ॲक्सेसमध्ये उघडली तर जुने अधिकार चालू राहतात. एसीसीडीबीमध्ये रूपांतर केले की ते संपतात. म्हणजे धोका दुहेरी. रूपांतर झाले नाही तर काम थांबते. झाले तर कर्जखाती आणि पगारपत्रक ती फाइल उघडणाऱ्या प्रत्येकासमोर येते. ॲक्सेस ९७ ची फाइल तर ॲक्सेस २०१३ पासून उघडतच नाही. ती आधी ॲक्सेस २०१० किंवा त्याआधीच्या आवृत्तीत बदलून घ्यावी लागते.

मार्ग काय?

१. आधी दोन्ही फाइलींची प्रत काढा. मूळ फाइलवर प्रयोग नकोत.

२. जुना संगणक भंगारात देऊ नका. त्यावरील डेटाबेसच्या शॉर्टकटचे ‘प्रॉपर्टीज’ पाहा. वर्कग्रुप फाइलचा पत्ता अनेकदा तिथेच लिहिलेला असतो.

३. ती फाइल हरवली असेल, तर नाव, संस्थेचे नाव आणि ‘वर्कग्रुप आयडी’ जसेच्या तसे, इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षरांसह भरून ती पुन्हा तयार करता येते. त्यानंतर वापरकर्त्याचे नाव आणि पर्सनल आयडीही हुबेहूब द्यावे लागतात. ही माहिती बहुधा सुरक्षा लावणाऱ्याच्या वहीतच असते. निवृत्त लिपिकाला किंवा जुन्या प्रोग्रामरला फोन करण्याची वेळ हीच.

४. ‘ॲडमिन्स’ गटातील सदस्य म्हणून आत जा, ‘युजर्स’ गटाला सर्व अधिकार द्या आणि बाहेर पडा. मग मूळ ‘ॲडमिन’ म्हणून कोरा डेटाबेस उघडून त्यात सर्व टेबल, फॉर्म, रिपोर्ट आयात करा. नव्या फाइलची मालकी आयात करणाऱ्याकडे येते आणि जुने निर्बंध सुटतात.

५. सर्व अधिकार असूनही फाइल फक्त वाचण्यापुरतीच उघडत असेल, तर सर्व्हरवरील फोल्डर तपासा. ॲक्सेस तिथे एक लॉक फाइल तयार करतो. फोल्डरमध्ये लिहिण्याची व पुसण्याची परवानगी नसेल तर ती तयार होत नाही.

पुढची सुरक्षा कशी?

एसीसीडीबीला एकच पासवर्ड देऊन फाइल एन्क्रिप्ट करता येते, पण तो सर्वांचा मिळून एक असतो. कोणी काय पाहावे हे ठरवायचे असेल, तर टेबल एसक्यूएल सर्व्हरसारख्या प्रणालीत ठेवून ॲक्सेस केवळ दर्शनी भाग म्हणून वापरणे बरे. त्याची ‘एक्स्प्रेस’ आवृत्ती मोफत आहे.

इंटरनेटवरील ‘पासवर्ड तोडून देतो’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर सभासदांची फाइल चढवणे मात्र टाळावे. त्यात आधार क्रमांक आणि बँक खाती असू शकतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती ठेवणाऱ्यावर टाकली आहे. नवी प्रणाली सुरू झाली, की वापरकर्त्यांची यादी आणि आयडी कागदावर उतरवून संस्थेच्या तिजोरीत ठेवावेत, म्हणजे पुढच्या बदलीला कोणा एकाच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागणार नाही.