तीन उन्हाळे आणि एक परीक्षा

बारावीचा शेवटचा पेपर संपतो तेव्हा रोहिणखेडच्या शिवारातला हरभरा घरी आलेला असतो आणि गव्हाची सोंगणी चालू असते. विज्ञान शाखेत शिकणारे मूल घरी येते आणि दोन-चार दिवसांतच एक प्रश्न घरात उभा राहतो: ‘नीट’साठी क्रॅश कोर्स लावायचा का? बुलढाण्याला, मलकापूरला, अकोल्याला, की थेट लातूरला? शिकवणीचे शुल्क, खोलीचे भाडे, मेसचा खर्च, सगळे एकदम समोर येते. हरभऱ्याचे पैसे हाती असतात खरे, पण तेच पैसे जूनमध्ये बियाण्याला आणि खताला लागणार असतात.

वाचकहो, हा प्रश्न आज तुमच्या घरात असेल, किंवा दोन वर्षांनी येणार असेल. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. २०२४ साली ते बुलढाण्यातही सुरू झाले. डॉक्टर होण्याचे स्वप्न घाटाखालच्या गावांसाठी आता घाट चढून जाण्याइतके जवळ आले आहे. म्हणूनच उन्हाळ्यातील या घाईच्या अभ्यासक्रमांकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे शुल्क भरण्याआधी शांतपणे समजून घ्यायला हवे.

सेहेचाळीस दिवसांचा हिशेब

२०२५ चे उदाहरण घेऊ. राज्य मंडळाची बारावीची परीक्षा १८ मार्चपर्यंत होती आणि ‘नीट’ ४ मे रोजी झाली. मधले पूर्ण दिवस उरले ४६. विज्ञान शाखेचे पेपर थोडे आधी आटोपतात, म्हणून आठवडाभर वाढवून धरले तरी दोन महिने भरत नाहीत. आता अभ्यासक्रम पाहा. ‘नीट’च्या अधिकृत अभ्यासक्रमात भौतिकशास्त्राचे २०, रसायनशास्त्राचे २० आणि जीवशास्त्राचे १० असे ५० घटक आहेत. म्हणजे प्रत्येक घटकाच्या वाट्याला एक दिवससुद्धा येत नाही. त्यातून सराव चाचण्या, आजारपण, प्रवास आणि एप्रिलमध्ये येणारी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा वजा केली, तर उरते ते आणखी थोडे.

या हिशेबात एक खड्डा लपलेला आहे. बारावीची बोर्ड परीक्षा केवळ बारावीच्या अभ्यासक्रमावर असते. ‘नीट’ मात्र अकरावी आणि बारावी अशा दोन्ही वर्षांवर असते. मार्चमध्ये मुलाच्या डोक्यात बारावी ताजी असते, पण गतीचे नियम, मोल संकल्पना, रासायनिक बंध, पेशीरचना हे अकरावीचे धडे वर्षभरापूर्वी मागे पडलेले असतात. ज्याने ते तेव्हा नीट समजून घेतले असतील, त्याला उजळणी पुरते. ज्याने घेतले नसतील, त्याला ४६ दिवसांत ते पहिल्यांदा शिकावे लागतात. उजळणी आणि पहिली शिकवण या वेगळ्या गोष्टी आहेत. क्रॅश कोर्स पहिल्या कामासाठी बनलेला असतो. दुसरे काम त्याच्याकडून होत नाही.

अमेरिकेतही अशी घाई चालते. तेथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि त्यासाठी लागणारे सेंद्रिय रसायन किंवा भौतिकशास्त्र अनेक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत सात-आठ आठवड्यांत पुरे करतात. पण तो विद्यार्थी बहुधा एका उन्हाळ्यात एकच विषय घेतो आणि दिवसभर तेवढाच करतो. आपली मुले तीन विषय, दोन वर्षांचा अभ्यास आणि एका दिवसाची परीक्षा, हे सारे एकाच उन्हाळ्यात बसवू पाहतात.

स्मरणाला वेळ लागतो

घाईघाईने ऐकलेले का टिकत नाही? जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की शिकलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच निसटतो. पुढे विसरण्याचा वेग कमी होतो. अधूनमधून पुन्हा उजळले तर ती गोष्ट मुरते. एका बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने चार वेळा वाचलेले अधिक टिकते.

दुसरा धडा २००६ मधल्या एका प्रयोगाचा. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवत होते, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

यातून घरच्यांनी घ्यायचे ते एवढेच: मूल दिवसभर पुस्तक उघडून बसले आहे म्हणजे अभ्यास होतोच असे नाही. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर आठवून लिहिणारे मूल अडखळते, थांबते, चुकते. पण मुरवते तेच.

पहिला उन्हाळा: दहावीनंतर

म्हणूनच शेवटच्या उन्हाळ्याला जो भार पेलत नाही, तो आधीच्या दोन उन्हाळ्यांवर वाटून टाकावा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ मोकळा जातो. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाया जाणारा उन्हाळा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे या काळात एक मोठे काम करून घेता येते: शब्दांची ओळख. दहावीपर्यंत ज्याने तंतुकणिका, हरितलवक, केंद्रक, गुणसूत्र म्हटले, त्याला अकरावीत एका दिवसात मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट, न्यूक्लियस, क्रोमोसोम म्हणावे लागते. विज्ञान तेच असते, पण मूल गोंधळते आणि आपण कच्चे आहोत असे समजून बसते. एका वहीत डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी शब्द असे रोज दहा लिहिले, तरी तीन महिन्यांत नऊशे शब्द होतात. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, हेही मुलाला आताच सांगून ठेवा. सोबत दहावीचे बीजगणित आणि आलेख पक्के करावेत, कारण भौतिकशास्त्रात अडणारी पुष्कळ मुले गणितापाशीच अडलेली असतात.

दुसरा उन्हाळा: अकरावीनंतर

या सुटीत बहुतेक शिकवण्या बारावीचा अभ्यास पुढे रेटतात. तुमच्या मुलाची अकरावी भक्कम असेल तर हरकत नाही. नसेल तर हीच खरी संधी आहे. एप्रिल ते जून या काळात अकरावीतले कच्चे राहिलेले दहा-बारा धडे निवडावेत आणि प्रत्येकाला चार-पाच दिवस द्यावेत. येथे वेग कमी ठेवता येतो आणि तो कमीच ठेवावा.

राज्य मंडळ आणि एनसीईआरटी यांच्या पुस्तकांत धड्यांची वाटणी सारखी नाही, हेही याच वेळी ध्यानात घ्यावे. मानवी रक्ताभिसरण राज्य मंडळात बारावीला आहे, एनसीईआरटीत अकरावीला. ‘नीट’चा अधिकृत अभ्यासक्रम समोर ठेवून कोणता घटक कोणत्या पुस्तकात आहे याची एका पानाची यादी मुलाकडून करून घ्या. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

तिसरा उन्हाळा: बारावीनंतर

आता मूळ प्रश्न: क्रॅश कोर्स लावायचा का? एक साधी कसोटी आहे. मागील एखाद्या वर्षाची ‘नीट’ची पूर्ण प्रश्नपत्रिका घ्या: १८० प्रश्न, ३ तास, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. घरी घड्याळ लावून ती सोडवू द्या. नंतर गुण बाजूला ठेवा आणि चुकलेल्या प्रश्नांचे दोन ढीग करा: ‘येत होते, पण चुकले’ आणि ‘हे शिकलोच नाही’.

पहिला ढीग मोठा असेल तर रोजच्या चाचण्या आणि चुकांची चर्चा देणारा वर्ग उपयोगी ठरेल. दुसरा ढीग मोठा असेल तर पन्नास घटकांच्या मागे धावणाऱ्या वर्गात मूल पहिल्या आठवड्यातच मागे पडेल. त्याने जीवशास्त्र आधी धरावे, कारण १८० पैकी ९० प्रश्न त्याचे असतात. मग रसायन आणि भौतिकशास्त्रातले निवडक घटक. त्यासाठी गाव सोडण्याची गरज नाही.

शुल्क भरण्यापूर्वी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे ठाऊक असू द्या. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक वर्ग नसावेत, आठवड्याची सुटी असावी, सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, गुणांची वा क्रमांकाची हमी देऊ नये, आणि विद्यार्थ्याने मध्येच शिकवणी सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. यांतली प्रत्येक गोष्ट तोंडी नव्हे, लेखी विचारा. हमी देणाऱ्या फलकाला भुलू नका.

पैशाची ओढ असेल तर आणखी दोन वाटा आहेत. आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालय यांचा ‘साथी’ हा विनामूल्य उपक्रम ‘नीट’च्या तयारीसाठी आहे. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांसाठी राज्याची ‘महाज्योती’ ही संस्था विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब देते. मात्र त्यासाठीचा अर्ज दहावीनंतरच करावा लागतो. म्हणजे पहिला उन्हाळा येथेही महत्त्वाचा.

ऊन, झोप आणि परीक्षेची वेळ

घाटाखालचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४४ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. शहरात स्वस्तात मिळणारी भाड्याची खोली पुष्कळदा टिनाच्या पत्र्याची असते. तिच्यात दुपारी धड अभ्यासही होत नाही आणि झोपही लागत नाही. खोली पाहायला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका, दुपारी दोन वाजता जा. गावातले धाब्याचे घर तिच्यापेक्षा कितीतरी थंड असते.

अवघड विषय पहाटे पाच ते दहाच्या दरम्यान ठेवा. पाणी, ताक, पन्हे वारंवार द्या. उलट्या-जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले तर तो उष्माघात समजा: सावलीत न्या, अंग ओल्या कापडाने पुसा आणि १०८ ला फोन करा.

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेत चालते, म्हणून रात्रभर जागून वाचलेले पाठ सकाळी निसटतात. किमान सात-आठ तास झोप मोडू देऊ नका. मुलगी सतत थकलेली, चिडचिडी दिसत असेल तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. ‘नीट’ दुपारी दोन ते पाच या वेळेत होते, म्हणजे ज्या वेळी शरीराला डुलकी हवी असते नेमक्या त्या वेळी. शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, घरात सावलीला बसून, याच वेळेत पूर्ण सराव चाचणी देऊ द्या. त्या दिवशी जेवण हलके आणि साडेबाराच्या आत.

निकालाआधीचे बोलणे

२०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी ‘नीट’ दिली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर आहेत. म्हणजे मन लावून शिकलेल्या पुष्कळ मुलांनाही ही जागा मिळत नाही, आणि तो त्यांचा अपराध नसतो. याच गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, पशुवैद्यक अशा शाखा उघडतात. परिचर्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या वाटा वेगळ्या प्रवेश परीक्षांतून जातात. या वाटांविषयी निकालानंतर नव्हे, आधीच बोला. निकालानंतर तेच शब्द मुलाला सांत्वनासारखे वाटतात. आधी बोललेले योजनेसारखे वाटतात.

‘आम्ही तुझ्यासाठी एवढे पैसे घातले’ हे वाक्य मात्र या उन्हाळ्यात घरात उच्चारू नका. मुलाला तो आकडा पाठ असतो. मूल गप्प राहू लागले, जेवण टाळू लागले, ‘माझ्याने काहीच होणार नाही’ असे म्हणू लागले, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते.

रोहिणखेडचा शेतकरी उन्हाळ्यात पेरत नाही. तो नांगरतो, वखरतो, जमीन तापू देतो. पेरणी तिच्या वेळी होते आणि सोंगणी तिच्या वेळी. मुलाची दहावी या मार्चमध्ये संपणार असेल, तर शब्दांची ती वही आजच विकत आणा.