पांढऱ्या तारेची परतवाट
('गाडीमागची वीज' : लेखांक ११)

आज ब्रेक कंट्रोलरवर लिहायचं कबूल केलं होतं, पण तो विषय एक आठवडा थांबू शकतो. एडमंटनच्या एका वाचकांचा ट्रेलर मात्र या शनिवारी रस्त्यावर जायचा आहे. स्नोमोबिल वाहणारा छोटा ट्रेलर, चार तारांचा चपटा प्लग. ऑक्टोबरात दिवे ठणठणीत होते. आता डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू मंद लुकलुकतात, आणि ब्रेक दाबला की टेललाइट विझल्यासारखे होतात. त्यांनी बल्ब बदलले, फ्यूज तपासले, गाडीच्या बाजूचा सॉकेटही नवा टाकला. फरक शून्य. "कडाक्याच्या थंडीत तारा वीज नेईनाशा होतात का?" असं त्यांनी विचारलं आहे.

नाही होत. उलट, तांबं गारठलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, अंशामागे साधारण ०.४ टक्के. २० अंशांना असलेली तार उणे ३० अंशांवर नेली तर तिचा रोध जवळजवळ २० टक्क्यांनी उतरतो. तेव्हा थंडीला दोष देण्याआधी रस्त्यावरच्या मिठाकडे बघा, आणि या विशिष्ट लक्षणांत तर थेट पांढऱ्या तारेकडे.

रंग लक्षात असतीलच: तपकिरी टेललाइटची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. या तिघींनी नेलेली वीज परत आणायचं काम एकटी पांढरी करते. ती तुटली किंवा अर्धवट सडली की वीज थांबून राहत नाही. ती शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटी शिरते आणि दुसऱ्याच तारेने परतायला बघते. डावा इंडिकेटर दिल्यावर उजवा दिवा मिणमिणतो तो म्हणूनच. असे दिवे दिसले की बल्बचं पाकीट फोडूच नये, आधी अर्थिंग तपासावं.

मग ऑक्टोबरात सगळं कसं चाललं? बहुतेक तेव्हाही पांढरी तार आजारीच असणार. हिचचा बॉल आणि ट्रेलरचा कपलर यांचं लोखंडाला लोखंड लागतं आणि परतीची वीज तिथून निभावून जाते. पुढे त्या सांध्यात ग्रीस, गंज आणि बर्फ साचतो, तो आधार सुटतो आणि जुनं दुखणं उघडं पडतं. हिचच्या भरवशावर अर्थिंग सोडणारे ट्रेलर मी खूप पाहिले आहेत. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही.

आता मीठ. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं कामाचं नसतं, म्हणून थंड प्रदेशांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात. एडमंटन शहरानेही कॅल्शियम क्लोराइडचा प्रयोग केला होता. गाड्या आणि काँक्रीट खराब होतं अशी ओरड झाली आणि २०१९ मध्ये तो थांबवला गेला. या क्षारांचा त्रास असा की ते वाळतच नाहीत. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर ओलं होतं. मॅग्नेशियम क्लोराइड खोलीच्या तापमानाला ३३ टक्क्यांनाच पाणी ओढून घेतं. हा ओलावा तारेच्या बारीक धाग्यांमधून वर चढतो आणि कव्हराच्या आत तांबं कळंकून हिरवट काळी पूड होते. बाहेरून तार धडधाकट दिसते.

थंडीचा खरा वाटा इथे येतो. तारेवरचं साधं पीव्हीसी उणे २० अंशांच्या पुढे ताठ होतं. प्लग ओढताना किंवा वळणावर ते चिरतं आणि त्या चिरेतून खारं पाणी आत जातं. म्हणून केबलला ऐसपैस ढील ठेवा, आणि थंड प्रदेशासाठी बनवलेली, उणे ४० अंशांना लवचीक राहणारी केबल मिळाली तर तीच घ्या.

एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. उणे २५ अंशांत उघड्यावर उभ्या ट्रेलरवर गंजाची क्रिया अगदी सुस्त असते. तोच मिठाने माखलेला ट्रेलर उबदार गॅरेजमध्ये आणला की ती भराभर चालते. आत घेण्याआधी गोड्या पाण्याने धुवा, प्लगसुद्धा, आणि प्लग तोंड खाली करून टांगा. धुणं शक्य नसेल तर खुशाल बाहेर राहू द्या.

एडमंटनकरांसाठी तपासणी. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, दुसरी ट्रेलरच्या चासीच्या खरवडलेल्या लोखंडाला. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. त्याहून बराच जास्त आला तर परतीची वाट सडली आहे. ओहम मोजून समाधान मानू नका. वीसपैकी एक धागा शाबूत असला तरी ओहमचा आकडा चांगला दिसतो, आणि भार पडला की तोच धागा हात टेकतो.

दुरुस्तीत कंजूषी नको. चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार मागे कापत जा. जोड आतून गोंद असलेल्या हीट-श्रिंकनेच झाका. तारेच्या कातडीला छेद देऊन बसणाऱ्या झटपट क्लिपा मिठाच्या प्रदेशात वापरूच नका. नवी तार बोटींसाठी मिळते ती आणा. तिच्या प्रत्येक धाग्यावर कथलाचा मुलामा असतो, आपल्या पितळी पातेल्याला करतात तीच कल्हई, आणि कामही तेच. चासीवर बोल्ट बसवताना आधी रंग खरवडा, रिंग घट्ट आवळा, मग वरून ग्रीस. कनेक्टरच्या पात्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात पुरतो. ते वीज वाहत नाही. पात्या एकमेकींवर घासून ते बाजूला सारतात आणि उरलेलं ग्रीस पाणी अडवतं.

सात पिनांचा प्लग आणि इलेक्ट्रिक ब्रेक असणाऱ्यांनीही ही तपासणी करावी. चार मॅग्नेटांचे मिळून साधारण १२ अँपियर याच पांढऱ्या तारेने परततात. तिथे ०.१ ओहमचा जरी अडथळा असला तरी १.२ व्होल्ट वाटेतच जातात, आणि तेवढा ब्रेकचा जोर कमी होतो. पुढच्या आठवड्यात ब्रेक कंट्रोलर नक्की घेऊ. तोवर आपापल्या पांढऱ्या तारेचं रीडिंग घेऊन ठेवा, तिथे ते लागणार आहे.