शेजारच्या दुकानात डोकावताना

दिवाळीची खरेदी म्हटली की पूर्वी घरातली वडील मंडळी आधी बाजारातून एक रिकामी फेरी मारून येत. हातात पिशवी असे, पण ती भरून आणण्याचा बेत नसे. रवा कोणाकडे काय भावाने आहे, तुपाचा वास कोणाकडचा खात्रीचा आहे, एवढे हेरून यायचे आणि खरी खरेदी दुसऱ्या दिवशी. गंमत अशी की दुकानदारही तेच करीत. समोरच्याने कोणता माल पुढे मांडला आहे हे पाहायला ते घरचे पोर पाठवून देत. आता बाजार मोबाइलमध्ये आला. रिकामी फेरी राहिली आहेच, ती बोटाने मारली जाते इतकेच. आणि दुकानदाराचे ते पोरही अजून कामावर आहे. या नव्या बाजारातल्या एका धंद्याची, आणि त्यात चालणाऱ्या डोकावण्याची हकीकत सांगावी म्हणून हा लेखप्रपंच.

या धंद्याला म्हणतात ‘अफिलिएट मार्केटिंग’. कोणी त्याला ‘संलग्न विपणन’ असा प्रतिशब्द सुचवतात; मराठी शिकवण्यात उभी हयात चालली असूनही तो माझ्या तोंडी काही बसत नाही. आपल्या पेठेत याला सरळ दलाली म्हणतात. तुम्ही एखाद्या वस्तूबद्दल चार शब्द लिहायचे, त्याखाली ती वस्तू विकणाऱ्या दुकानाचा दुवा द्यायचा. वाचणाऱ्याने त्या दुव्यावरून जाऊन वस्तू घेतली की दुकान तुम्हाला ठरलेला टक्का देते. समजा मिक्सर चार हजारांचा आणि टक्का पाच, तर तुमचे दोनशे. माल तुमचा नाही, गोदाम तुमचे नाही, तराजूही तुमचा नाही. तुमचा आहे तो फक्त शब्द. ‘दुवा’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत, एक जोडणारी कडी आणि दुसरा आशीर्वाद. या धंद्यात पहिला विकून दुसरा मिळवायचा असतो, आणि गोची तिथेच होते.

धंदा फार जुना नाही. अमेरिकेत अॅमेझॉनने १९९५ साली पुस्तकांचे दुकान उघडले आणि पुढल्याच वर्षी, १९९६ च्या जुलैत, अशी दलालीची योजना काढली. म्हणजे ती सुरू झाली पुस्तकांच्या शिफारशीवर, हे ऐकून माझ्यासारखीला जरा बरे वाटते. भारतात अॅमेझॉनचे दुकान २०१३ च्या जूनमध्ये आले. आज पिठाच्या चक्कीपासून पैठणीपर्यंत कशाचीही शिफारस मराठीतून करणारी माणसे गावोगाव आहेत.

त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. तो पूर्णा गावात काम करतो. पूर्णा म्हटले की पुष्कळांना परभणीकडचे रेल्वे जंक्शन आठवते, नाहीतर विदर्भातली नदी. आमचे पूर्णा निराळे. ठाण्याहून कशेळी, काल्हेर करीत जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे येताना लागते ते हे गाव. एके काळी भातशेतीचा हा पट्टा. आज जिकडे पाहावे तिकडे गोदामे. मुंबईत माल नेला की जकात पडे, म्हणून व्यापारी तो वेशीबाहेर साठवीत आणि लागेल तसा आत नेत. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली, कारण एव्हाना घरपोच मालाचा नवा व्यापार त्यांच्यात शिरला होता. तुमच्याआमच्या दाराशी येणाऱ्या पुष्कळ खोक्यांचा मुक्काम आधी या परिसरात पडलेला असतो.

मुलाचे वडील यंत्रमागावर होते. माग बंद पडला, घर याच्या पगारावर आले. दिवसा गोदामात, परत आलेला माल तपासण्याच्या टेबलावर. रात्री मोबाइलवर स्वयंपाकघरातल्या यंत्रांविषयी मराठीत लेखन. गेल्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला. मिक्सरविषयीच्या त्याच्या लेखाला कोणी विचारीत नव्हते आणि दुसऱ्या एकाचा ‘दहा सर्वोत्तम मिक्सर’ हा लेख कायम वर दिसत होता.

“मॅडम, त्याच्यात असं काय आहे? तुम्ही एकदा वाचून सांगा ना.”

प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास कसा करतात हे मी त्याच्याकडूनच शिकले, आणि त्यात चोरटेपणा फारसा नाही. पुष्कळसे उघड्यावर पडलेले असते. आपण शोधतो त्याच शब्दांनी, पण दुसऱ्याच्या मोबाइलवर शोधून पाहायचे. कारण आपला मोबाइल आपल्या सवयी ओळखून त्याप्रमाणे उत्तरे देतो. वर येणारी पहिली दहा पाने वहीत उतरवून ठेवायची, आठवड्याने पुन्हा पाहायची. दुव्याचे शेपूट वाचायचे. अॅमेझॉनच्या दुव्यात ‘टॅग’ या शब्दापुढे दलालाची खूण असते, त्यावरून एकच गृहस्थ तीन निराळ्या नावांनी तीन पाने चालवतो आहे हेही उमगते. कोणत्या पानाला कुठून कुठून दुवे आले आहेत हे सांगणारी सेमरश, एचरेफ्स अशी साधने आहेत; त्यांची वर्गणी भारी, आणि वाचकसंख्येचे त्यांचे आकडे हे अंदाज असतात, जमाखर्च नव्हे. फेसबुकवर कोण कोणती जाहिरात आज चालवतो आहे ते मेटा कंपनीच्या जाहिरात-संग्रहात कोणालाही पाहता येते. आणि ‘वेबॅक मशीन’ नावाच्या दप्तरखान्यात जुनी पाने जपून ठेवलेली असतात. त्यात आमच्या या लेखाची मागल्या वर्षीची प्रत सापडली. ‘सर्वोत्तम दहा’ तेच होते. बदलले होते फक्त साल.

मग मी तो लेख वाचला, पेपर तपासावा तसा. दहाही मिक्सर ‘दमदार’, दहाही ‘टिकाऊ’. ‘हे उत्पादन तुमच्या स्वयंपाकघराला एक आधुनिक स्पर्श देते’ असली वाक्ये. मराठी माणूस असे बोलत नाही, हे परक्या भाषेतून जसेच्या तसे उचललेले. पण भाषेपेक्षा मोठी खोट निराळी होती. सबंध लेखात पुरण नव्हते. शेंगदाण्याचे कूट नव्हते, ओले खोबरे नव्हते, चकलीची भाजणी नव्हती. लिहिणाऱ्याने यंत्राला हातच लावलेला नव्हता! लेखाखाली बायकांनी विचारले होते, “पुरण गरम असतानाच वाटलं तर चालतं का?” “आवाज किती? घरात तान्हं बाळ आहे.” एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते.

“हे बघ,” मी म्हटले, “त्याने काय लिहिलं ते उतरवू नकोस. त्याने काय सोडलं ते उतरव.”

यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने खरी गोष्ट काढली. परतीच्या टेबलावर रोज मिक्सर येतात. कोणत्या कंपनीचे किती येतात, काय तक्रारीने येतात, हे त्याला पाठ आहे. ते लिहिले तर वरच्या लेखाचा पार धुव्वा उडेल.

“यात खोटं काय आहे, मॅडम? लोकांचं भलंच होईल.”

प्रश्न सोपा नव्हता. लोकांचे भले झाले असते, हे खरे. शिवाय परत आलेल्या मालावर दलाली मिळत नाही. दिलेली मागे घेतली जाते. तेव्हा चांगला मिक्सर सुचवण्यात त्याचाही लाभ होता. पण ते टेबल त्याचे नव्हते, मालकाने विश्वासाने त्याच्या हाती दिलेले होते. शेजारच्या दुकानाच्या फळीवर मांडलेले पाहणे निराळे, आणि आपण ज्याचे मीठ खातो त्याच्या चोपड्या उघडून दाखवणे निराळे. बहिर्जी नाईकांनी शत्रूच्या शहरांची माहिती काढली, ती स्वराज्यासाठी. आपल्याच गडाच्या चोरवाटा त्यांनी बाजारात विकल्या नाहीत. शिवाय नोकरी गेली असती तर घराचे काय? आणि परतीचा ढीग तरी सगळे खरे कुठे सांगतो? कोणाला रंग आवडलेला नसतो, कोणाकडे आहेरात दुसरा आलेला असतो. हे सगळे मी त्याला सांगितले. निर्णय त्याच्यावर सोडला.

त्याने टेबल गोदामातच ठेवले. त्याऐवजी गल्लीतल्या चार घरांचे चार मिक्सर त्याने पाहिले. एक आईचा, अकरा वर्षांचा. चारींवर पुरण वाटले, कूट केले, घड्याळ लावून वेळ मोजली, कोणते भांडे तापते ते टिपले. एकाचे झाकण गळते हे लिहिले, आणि तरी त्याचा दुवा दिला, कारण बाकी तो चांगला होता. लेखाच्या डोक्यावर एक ओळ घातली: ‘खालच्या दुव्यावरून वस्तू घेतलीत तर मला कमिशन मिळते.’

ही ओळ केवळ सौजन्याची नाही. जाहिरात मानक परिषदेने, जिची कचेरी मुंबईतच आहे, २०२१ साली समाजमाध्यमांवरच्या शिफारसकर्त्यांना पैशाचा संबंध उघड करण्याचा नियम घातला. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२३ च्या जानेवारीत त्याच धर्तीची मार्गदर्शिका काढली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला, शिफारस करणाऱ्यालाही, दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लबाडीचे टोक काय असते तेही जगाने पाहिले आहे. दुव्यावर बोट पडले की वाचकाच्या यंत्रात दलालाच्या नावाची एक बारीक खूण राहते. अॅमेझॉनकडे ती साधारण चोवीस तास टिकते, आणि तेवढ्यात खरेदी झाली की टक्का तिच्या मालकाचा. अमेरिकेत ईबे कंपनीच्या दोन बड्या दलालांनी लोकांच्या यंत्रांत त्यांच्या नकळत अशा खुणा पेरल्या. त्या दोघांनाही २०१४ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले? लेख पहिल्या क्रमांकावर गेला नाही. पण पहिल्या पानावर आला, आणि बायका त्याला प्रश्न विचारू लागल्या. मग एके दिवशी तो तणतणत आला. वरच्या लेखात नवा परिच्छेद आला होता, पुरणाचा. शब्द न् शब्द याचा, अगदी ‘आमच्या आईचा अकरा वर्षांचा मिक्सर’ यासकट! डोकावणारे आपण एकटे नसतो. आपल्याकडेही कोणीतरी डोकावत असते.

“आता हो?” तो म्हणाला.

“आता तो आईला कुठून आणणार, ते पाहू,” मी म्हटले. “कोणी खाली विचारलंच, की आईच्या मिक्सरचं भांडं कोणत्या धातूचं, तर त्याला उत्तर देता येणार नाही. तुला येईल.” त्याने लेखाची तारीख दाखवणारी प्रत जपून ठेवली, रीतसर तक्रार नोंदवली आणि पुढचा लेख घेतला, चकलीच्या साच्यांवर. तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे.

वाचकहो, तुम्हाआम्हाला ही दलाली करायची नसेल, पण दिवाळीची खरेदी तर करायची आहे. मग आपणही या दुकानांत थोडे प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांनी डोकवावे. लेखात वस्तूचा एक तरी दोष सांगितला आहे का? लिहिणाऱ्याचा हात तिला लागल्याची काही खूण आहे का? आणि आपल्याला टक्का मिळतो हे त्याने आधी सांगितले आहे का? तिन्ही उत्तरे ‘होय’ आली तर खुशाल त्याच्या दुव्यावर बोट ठेवावे. दोनशे रुपये त्याला मिळतील. आणि पुरण मऊ निघाले तर दुसरा दुवाही मनातून आपोआप जाईल.