तळोद्याचें रान आणि नवे शेजारी

आपल्या वस्तीजवळ अल्प किंमतीचीं घरें उभारण्याचा बेत जाहीर झाला, कीं सुशिक्षित घरांतून ठराविक शंका निघूं लागतात. पाणी पुरेल काय, गर्दी वाढेल काय, मुलांना सोबत कोणाची लाभेल? धारावीच्या लोकांसाठीं मुलुंड येथें घरें बांधण्याच्या बेतास २०२४ सालीं तेथील रहिवाशांनीं विरोध केला, तेव्हां अशाच शंका ऐकूं आल्या. अशा विरोधास स्वार्थ म्हणून मोकळें होण्याची रीत आहे, आणि पुष्कळदां तें खरेंही असतें. परंतु नंदुरबार जिल्ह्याच्या तळोदा तालुक्यांत ज्या वसाहती वसल्या, त्यांच्या शेजाऱ्यांचें म्हणणें ऐकल्यावर हा शिक्का इतक्या झटपट मारवत नाहीं.

नर्मदेवरील सरदार सरोवरामुळें महाराष्ट्रांतील ३३ गांवें बाधित झालीं. त्यांपैकीं ९ अक्कलकुवा तालुक्यांतलीं व २४ अक्राणींतलीं. नर्मदा पाणीतंटा लवादानें डिसेंबर १९७९ मध्यें जो निवाडा दिला, त्यांत या विस्थापितांची तरतूद मोठ्या बारकाईनें केलेली आहे. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबास किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन. घरासाठीं ६० फूट रुंद व ९० फूट लांब जागा. पन्नास कुटुंबांमागें एक विहीर व एक झाडाचा पार. शंभर कुटुंबांमागें प्राथमिक शाळा आणि एक देवस्थान. पांचशें कुटुंबांमागें दवाखाना, तळें, पंचायतघर, बियाण्याचें कोठार, इतकेंच काय, मुलांना खेळावयास बागही! पुण्यामुंबईच्या दोन खोल्यांत संसार थाटणाऱ्यास हेवा वाटावा अशी ही यादी आहे. पाराचीसुद्धां आठवण ठेवणाऱ्या त्या यादींत शेजारी मात्र कोठेंच नाहींत.

आतां ही जमीन आणावयाची कोठून? तापीकांठची काळी बागायत विकत घेऊन देणें महाग आणि राजकीय दृष्ट्या अवघड. सातपुड्याच्या पायथ्याशीं तळोद्याचें राखीव रान होतें. तें सरकारचें, म्हणजे फुकटचें. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यान्वयें त्यास केंद्राची अनुमति हवी होती. ती १९९० सालीं सुमारें २,७०० हेक्टरांपुरती मिळाली व पुढें आणखी सुमारें १,५०० हेक्टरांची भर पडली. सोमावल, रोझवा, रेवानगर अशा वसाहती क्रमाक्रमानें उभ्या राहिल्या. तेव्हां हा मुलूख धुळें जिल्ह्यांत होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं निराळा झाला.

परंतु कागदावर जें रान होतें, त्याच्या पुष्कळ भागावर प्रत्यक्षांत नांगर फिरत होता. आसपासच्या पाड्यांतील भूमिहीन भिल्ल कुटुंबें तेथें ज्वारी-तूर पिकवीत. दप्तरांत यास ‘अतिक्रमण’ असें नांव आहे. या शब्दाची एक गंमत अशी, कीं वनरक्षक जेव्हां अतिक्रमणाबद्दल दंड करी, तेव्हां ती दंडाची पावती कसणारा माणूस जिवापाड जपून ठेवी. कारण आपण हें शेत अमुक सालापासून कसतों, याचा त्याच्यापाशीं दुसरा लेखी पुरावाच नसे. ३१ मार्च १९७८ पूर्वीचीं अशीं अतिक्रमणें नियमित करावीं, असें महाराष्ट्र सरकारनें १९७८ मध्यें ठरविलेंही होतें. शहादें-तळोद्याकडे १९७२ पासून श्रमिक संघटनेनें जमिनीच्या प्रश्नावर लोकांना उभें केलें होतें. त्यामुळें ‘आज ना उद्यां हें शेत आपल्या नांवावर होईल’ ही आशा अगदींच पोकळ नव्हती. आणि नेमक्या त्याच शेतांत मोजणीचे खुंट रोंवले गेले.

या शेजाऱ्यांची तक्रार नव्या माणसांच्या चालीरीतींविषयीं नव्हती. येणारेही भिल्ल आणि पावरेच. कित्येकांची बोली एक, देव एक. त्यांचें भय शेताचें होतें, आणि शेताखालोखाल रानाचें. कारण सरपण, चराई, मोहाचीं फुलें व डिंक हीं सर्व त्याच रानांतून यावयाचीं. जागतिक बँकेनें नेमलेल्या स्वतंत्र समितीनें जून १९९२ च्या अहवालांत या संघर्षाची नोंद केली आहे. पुढें मार्च १९९३ मध्यें त्या बँकेचें कर्ज थांबलें. वसाहतींचें काम मात्र थांबलें नाहीं, आणि थांबावें तरी कसें? मणिबेलीसारखीं गांवें पाण्याखालीं जाऊं लागलीं होतीं.

आलेल्यांचीही स्थिति सुखाची होती असें नाहीं. डोंगरांत ज्याचें त्याचें घर ज्याच्या त्याच्या शेतांत, एकमेकांपासून दूर. येथें एका ओळींत आंखलेले चौकोन. सागवानी खांब व तुळया उतरवून, मालमोटारींतून आणून, लोकांनीं तींच घरें पुन्हां उभीं केलीं. नांवावर झालेल्या जमिनींत पहिला नांगर घालतांना दुसरा कोणी बांधावर उभा राहून ‘हें माझें आहे’ म्हणे, तेव्हां दोघांपाशींही खरें बोलण्यासारखें कांहींतरी होतें. सरकारनें एका गरिबाचें देणें दुसऱ्या गरिबाच्या खिशांतून फेडलें, असेंच मला याविषयीं म्हणावें लागतें. तापीकांठचा एखादा मोठा जमीनदार त्या बांधावर उभा असता, तर मोजणीचे खुंट तेथवर पोंचले असते काय?

२००६ सालीं संसदेनें वनहक्कांचा कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत असेल, त्यास ती कायम करून देण्याची सोय त्यांत आहे. तेथें ती जुनी दंडाची पावती पुराव्यास चालते. परंतु कायद्याची मुख्य मदार प्रत्यक्ष कबजावर. ज्याचें शेत पंधरा वर्षांपूर्वींच वसाहतींत गेलें, तो पावती दाखवील. जमीन कोठली दाखवील? बेकायदा हुसकावलेल्यांस पर्यायी जमीन देण्याचें एक पोटकलम त्या कायद्यांत आहे खरें. मात्र तळोद्याचें रान केंद्राच्या रीतसर अनुमतीनें दिलें गेलें होतें. तेव्हां त्या पोटकलमाचा आधार घेण्यापूर्वीं आपलें हुसकावणें बेकायदा होतें, हें सिद्ध करण्याचें ओझें पुन्हां त्या पावतीवाल्याच्याच डोक्यावर येतें.