‘हार्ड’चं ‘हार्डली’ केलं की काय होतं

बोईसरला एमआयडीसीत मुलाखतीला निघालेला एक मुलगा अर्ज दाखवायला आमच्याकडे आला. त्यात वाक्य होतं, ‘आय वर्क्ड हार्डली.’ त्याला म्हणायचं होतं, मी खूप कष्ट केले. वाचणारा समजला असता, मी जेमतेमच काम केलं! म्हणजे नोकरी गेलीच.

नियम त्याला पाठ होता: विशेषणाला ‘ली’ लावा, क्रियाविशेषण तयार. ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं ना? पण ‘हार्ड’ आणि ‘फास्ट’ आहेत तसेच दोन्ही कामं करतात. ‘लेट’ही त्यातलाच; ‘लेटली’ म्हणजे उशिरा नव्हे, अलीकडे.

आता आपली मराठी बघा. मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते. सांगायचं आहे गाण्याविषयी, पण शब्द लिंग घेतो गाणाऱ्याचं. वैशेषिक म्हणतात, गुण द्रव्यातच राहतो, क्रियेत नाही. मराठी इथे त्यांच्या बाजूची दिसते. इंग्रजीला हे चालत नाही, म्हणून ‘शी सिंग्ज गुड’ नाही, ‘वेल’.

मग तारापूरच्या कारखान्यात लॉगबुक लिहिताना काय करायचं? ‘ही क्लोज्ड द व्हॉल्व्ह स्लोली’, इथे ‘स्लोली’ बंद करण्याविषयी आहे. पण ‘द गॅस स्मेल्स बॅड’, ‘बॅडली’ नाही. कारण गॅस काही वास घेत बसलेला नाही, त्याला वास येतोय! शब्द वस्तूविषयी आहे.

त्या मुलाने तिथेच ‘ली’ खोडलं.